घर त्यांचं, नळ कुणाचा?

डिपॉझिट दिलं होतं ४०,००० रुपये. हातात परत आले २२,५००.

कर्वेनगरमधला आमचा पहिला वन बीएचके सोडतानाची ही गोष्ट. सामान टेम्पोत चढलंय, किल्ल्या मालक काकांच्या हातात दिल्यात, आणि काका शांतपणे खिशातून घडी घातलेला कागद काढतात. वर सुबक अक्षरात लिहिलंय, ‘दुरुस्ती खर्च’. सिंकखालचं कपाट फुगलं : ९,०००. किचनच्या भिंतीला ओल, पोपडे, रंग : ५,५००. खालच्या फ्लॅटचं सिलिंग : ३,०००. काका बँकेतून रिटायर झालेले, त्यामुळे बेरजेत चूक निघायचा चान्सच नव्हता!

मी आणि माझी रूमी एकमेकींकडे बघतच राहिलो. साडेसतरा हजार! आणि कशापायी? सिंकखालच्या अँगल कॉकच्या सांध्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं. तब्बल सात महिने. आणि खरं सांगायचं तर आम्हाला ते माहीत होतं. खाली आइस्क्रीमचा रिकामा डबा लावला होता, रोज रात्री झोपण्याआधी तो ओतून टाकायचा. एवढी झक्कास सोय केल्यावर प्लंबरला कोण बोलावतंय? सलग सुट्ट्या आल्या आणि आम्ही दोघी गावी गेलो की डबा भरून वाहायचा, इतकंच.

त्या सांध्यावर टेफ्लॉन टेपचे चार वेढे दिले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. टेपची गुंडाळी येते दोन वडापावच्या पैशांत!

घर थोडंच आपलंय?

आपल्यापैकी बहुतेकांचा हाच फंडा असतो. ‘घर थोडंच आपलंय? अकरा महिन्यांनी निघायचंय.’ मग नळ गळतोय तर गळू दे, फ्लश वाहतोय तर वाहू दे. दरवाज्याची कडी लागत नाही? खुर्ची लावा.

आणि दुसरं कारण म्हणजे भीती. दोन मुलींना किंवा चार बॅचलर मुलांना घर मिळवताना काय काय ऐकून घ्यावं लागतं, ते ज्याने घर शोधलंय त्यालाच माहीत. इतक्या मिनतवाऱ्या करून मिळालेल्या घरात मालकाला फोन करून ‘काका, हे बिघडलंय’ म्हणायला जीभच रेटत नाही. ‘कटकट्या भाडेकरू’ असा शिक्का बसला तर? रिन्यूअलला भाडं वाढवलं तर? त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

या गप्प बसण्याची किंमत साडेसतरा हजारांपेक्षा जास्त असू शकते, हे आम्हाला त्याच घरात, पहिल्याच हिवाळ्यात कळलं होतं.

ती डिसेंबरची सकाळ

बाथरूममध्ये गॅस गीझर होता. बाथरूममध्येच, बाहेर नाही. भिंतीवर गीझर, कोपऱ्यात सिलिंडर आणि वर एक चिमुकली खिडकी. थंडी पडल्यापासून ती खिडकी आम्ही बंदच ठेवायला लागलो होतो. अंघोळ करून बाहेर आलं की दोघींचंही डोकं दुखायचं. मी म्हणायचे डेडलाइनमुळे, ती म्हणायची कॉम्प्युटरमुळे. ‘काकांना विचारू या का?’ असं एकदा बोलणं झालं. ‘जाऊ दे, नवीन गीझर मागतोय असं वाटेल त्यांना’ म्हणून विषय संपला.

त्या सकाळी आतून बादली आपटल्याचा आवाज आला. मी दार वाजवलं, पण उत्तर नाही. पुन्हा वाजवलं. तिने आतून कशीबशी कडी काढली आणि ती दारातच कोसळली. मी तिला ओढत गॅलरीत नेलं, गॅस बंद केला, शेजारच्या काकूंना हाका मारल्या. मोकळ्या हवेत ती शुद्धीवर आली. हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजन लावला, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. डॉक्टर एवढंच म्हणाले, ‘कडी काढता आली म्हणून वाचली.’

गॅस जळायला ऑक्सिजन लागतो. बंद जागेत तो कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तात ऑक्सिजनची जागा घेतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग चक्कर येते आणि हातापायातली ताकद जाते. म्हणजे दार उघडायला हवं हे कळेपर्यंत उघडायची ताकद उरलेली नसते.

त्याच संध्याकाळी काका आले. मी मनातल्या मनात भांडणाची तयारी करून बसले होते. त्यांनी गीझर बघितला, खिडकी बघितली, मग रूमीकडे बघितलं. म्हणाले, ‘पोरींनो, आधी का नाही सांगितलंत?’ दुसऱ्या दिवशी गॅस गीझर निघाला. आठवड्याच्या आत इलेक्ट्रिक गीझर बसला, त्यांच्या खर्चाने, भाडं न वाढवता.

म्हणजे बघा, काका तेच आणि घरही तेच. जे सांगितलं ते त्यांनी पदरमोड करून दिलं, आणि जे लपवलं त्याचे पैसे कापले. राग येतो, पण काकांचं काही चुकलं असं आजही म्हणता येत नाही. गीझरच्या प्रकरणानंतरही आम्ही नळाचं सांगितलं नाही, कारण ‘छोटं तर आहे’!

तेव्हापासून माझा एकच नियम. छोटं असेल तर त्याच आठवड्यात स्वतः करायचं. मोठं असेल तर त्याच दिवशी मालकाला सांगायचं, तेही लेखी.

छोटं म्हणजे काय?

आधी एक डबा बनवा. स्क्रू ड्रायव्हर, पाना, टेस्टर, टेफ्लॉन टेप, दोन-चार वायसर, टॉर्च आणि रबरी प्लंजर. हार्डवेअरच्या दुकानात एका फेरीत सगळं मिळतं, आणि एका पिझ्झाच्या पैशांत मामला आटोपतो.

गळका नळ : साध्या पिळाच्या नळात बहुतेक वेळा आतलं वायसर झिजलेलं असतं. आधी पाणी बंद करा. सिंक-बेसिनखाली अँगल कॉक असतो, नाहीतर बाथरूमच्या वरचा मेन कॉक. घरात शिरल्याच्या पहिल्या दिवशी हे कॉक कुठे आहेत ते शोधा आणि फिरतात का ते बघा. पाइप फुटल्यावर अंधारात शोधण्याची ती वस्तू नाही. मग नळ उघडा, जुनं वायसर दुकानात नेऊन दाखवा, तस्संच नवं आणा. आणि ‘थेंबाने काय होतंय’ म्हणणाऱ्यांसाठी हिशेब : सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी रोज चार लिटरच्या वर पाणी. जिथे टँकर येतो त्या सोसायटीत हे वाक्य जिन्यात लावायला हरकत नाही.

तुंबलेलं सिंक : गुन्हेगार आपणच असतो. चहाचा चोथा, भाताची शितं, तूप-तेल. बाजारातली कडक पावडर ओतण्याआधी प्लंजर वापरा. सिंकला वरच्या बाजूला जादा पाणी जाण्याचं भोक असेल तर ते ओल्या फडक्याने बंद करा, नाहीतर जोर वायाच जातो. तरीही पाणी हटत नसेल तर खालचा बॉटल ट्रॅप हाताने पिळून उघडतो. आधी खाली बादली ठेवा. (हे मी का सांगतेय, ते विचारू नका.) आणि टॉयलेटचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र कधीही ओतू नका. त्यातून क्लोरिन वायू निघतो.

वाहता फ्लश : टँकमध्ये कपड्यांच्या निळीचे चार थेंब टाका आणि पंधरा-वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात निळं पाणी उतरलं तर टँकच्या तळाचं वायसर गेलंय. नाही उतरलं आणि तरी पाणी वाहतंय, तर फ्लोट फार वर आहे. तो थोडा खाली घ्या.

बाथरूमचा वास : दिवाळीहून परत आलात आणि दार उघडल्याबरोबर गटाराचा वास? घाबरू नका. जाळीखालच्या नाहणी ट्रॅपमध्ये नेहमी थोडं पाणी साठलेलं असतं, तेच गटाराचा वास अडवतं. आठ-दहा दिवसांत ते सुकतं. दोन मग पाणी ओता, वास गायब. झुरळांचा रस्ताही बंद.

इथे हात लावायचा नाही

विजेच्या बाबतीत मात्र हीरोगिरी नको. एमसीबी पडला तर घरातली सगळी बटणं बंद करा, एमसीबी वर करा आणि मग एकेक उपकरण चालू करत जा. ज्याच्यामुळे पुन्हा पडतो तो आरोपी. सगळं बंद असतानाही एमसीबी वर राहत नसेल, सॉकेट काळं पडलं असेल किंवा नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर प्रयोग थांबवा. मेन बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

गीझर, इस्त्री, मायक्रोवेव्ह साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर मल्टिप्लग लावून चालवणारे महाभाग प्रत्येक ऑफिसात आहेत. दोन किलोवॉटचा गीझर साधारण नऊ अँपिअर घेतो. त्याला मोठं, १६ अँपिअरचंच सॉकेट हवं. ते नसेल तर मालकाला सांगा, ही मागणी काही चैनीची नाही. बोर्डवर आरसीसीबी असेल तर त्याचं ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. दाबल्यावर लाइट जायला हवी. नाही गेली तर शॉक लागल्यावरही जाणार नाही.

आणि गॅस गीझर असेल तर तो बाथरूमच्या बाहेर, खेळत्या हवेतच हवा. आत असेल तर आजच मालकाला मेसेज करा. तो हलेपर्यंत बाथरूमचं दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, हवा खेळू द्या, मग अंघोळीला जा. कुणाला चक्कर आलीच तर आधी मोकळ्या हवेत न्या, मग १०८. सिलिंडरच्या गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, कुठल्याही बटणाला हात नाही, आणि घराबाहेर पडून १९०६ ला फोन.

ओल कुणाची?

पावसाळ्यातला सुपरहिट वाद. ओल कुठून येतेय त्यावर उत्तर ठरतं. गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून, सोसायटीच्या सामाईक पाइपातून येत असेल तर सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती सोसायटीची. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून किंवा सिंकमधून येत असेल तर तो दोन फ्लॅटधारकांमधला मामला.

आपण मात्र सोसायटीचे सभासद नसतो. सेक्रेटरींशी आपण कितीही गोड बोललो तरी अर्ज मालकाच्या सहीचा लागतो. म्हणून ओलीचा पहिला डाग दिसताच तारखेसह फोटो काढा आणि मालकाला पाठवा. डाग वाढला की दुसरा फोटो. वर्षाच्या शेवटी ‘ही ओल तुमच्यामुळे’ असं कुणी म्हटलं तर मोबाइल पुढे करता येतो.

कागद काय म्हणतो?

हा भाग थोडा बोअर आहे, पण दोन मिनिटं द्या. ‘११ महिन्यांचा करार आहे, रजिस्टर करायची गरज नाही’ असं ठासून सांगणारा एजंट प्रत्येकाला भेटतो. महाराष्ट्रात हे खोटं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. मग तो कितीही महिन्यांचा असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं.

याच कायद्यात घर राहण्याजोगं ठेवणं हे मालकाचं कर्तव्य आहे असंही कलम आहे. पण ते ‘भाडेकरू’साठी आहे. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारे आपण सगळे कागदोपत्री ‘लायसन्सी’! त्यामुळे दुरुस्तीचा खर्च परस्पर भाड्यातून कापून मोकळं होण्याचा स्मार्टनेस अंगाशी येऊ शकतो. आपल्यासाठी खरा आधार म्हणजे करारात लिहिलेली ओळ. आणि आपण सही करताना नेमकी तीच वाचत नाही. मीही वाचली नव्हती. ‘घर सुस्थितीत ठेवून परत करावे, नेहमीच्या वापरातील झीज वगळून’ असं त्यात होतं. फुगलेलं कपाट काही ‘नेहमीची झीज’ नव्हे.

मग कुणी काय करायचं हे कसं ठरवायचं? केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला, त्याला जोडलेल्या परिशिष्टात तयार यादी आहे. पाइप बदलणं, वायरिंग, भिंतींचा रंग आणि इमारतीची मूळ दुरुस्ती मालकाकडे. नळ आणि वायसर, ड्रेन साफ करणं, बेसिन, फ्लश, गीझरची दुरुस्ती, बटणं-सॉकेट, कड्या-कुलपं, खिडकीच्या काचा राहणाऱ्याकडे. हा मसुदा म्हणजे नमुना आहे, राज्याने स्वतः स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. पण बोलणी करताना समोर ठेवायला यादी सॉलिड आहे. दोघांना पटेल तसे बदल करा आणि करारात घालून घ्या. ‘ठरावीक रकमेपर्यंतची दुरुस्ती आमची, त्यावरची तुमची’ एवढी एक ओळ टाकली तरी निम्मी भांडणं मिटतात.

काका, एक सांगायचं होतं...

राहिला प्रश्न मालकाशी बोलायचा. फोनवर बोला, जरूर बोला. पण फोन ठेवल्यावर मेसेज टाकाच. माझा ठरलेला मेसेज असा :

‘काका, नमस्कार. आज सकाळपासून बेडरूमच्या खिडकीखाली ओल दिसतेय. फोटो पाठवतेय. प्लंबरला दाखवायचं का? तुमच्या ओळखीचा असेल तर नंबर द्या, नाहीतर मी बघते आणि खर्चाचा अंदाज कळवते. शनिवारी मी घरी आहे.’

यात तक्रार नाही, रडगाणं नाही. काय झालंय, कधीपासून, फोटो, आणि आपण काय करू शकतो. ‘तुमच्या घरात नेहमीच काहीतरी बिघडतं’ असं लिहिलंत तर काकांचं अर्धं लक्ष रागातच जाईल. उत्तर आलं नाही तर तीन दिवसांनी पुन्हा तोच मेसेज, तसाच शांतपणे. बिलं जपून ठेवा.

आणि सामान लावण्याआधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा. प्रत्येक नळ सोडून, प्रत्येक बटण दाबून, कपाटांची दारं उघडून. तो त्याच दिवशी मालकाला पाठवा. निघतानाही तसाच काढा. डिपॉझिटचा हिशेब या दोन व्हिडिओंच्या मध्ये असतो.

कर्वेनगरनंतर आम्ही कोथरूडला तीन वर्षं काढली. मालक काकूंना तीन वर्षांत माझे अकरा मेसेज गेले, मी मोजलेत. चार दुरुस्त्या त्यांनी केल्या, बाकीच्या मी. एकदाही त्या ‘कटकट’ म्हणाल्या नाहीत. उलट गेल्या वर्षी त्यांचा फोन आला, ‘अगं, माझ्या घरातला नळ गळतोय, ते वायसर कुठून आणतेस तू?’

घर सोडताना डिपॉझिट पूर्ण मिळालं. काकू म्हणाल्या, ‘पुढच्या मुलींसाठी काही सांगायचंय का?’ मी सिंकखालचं कपाट उघडून दाखवलं. अँगल कॉक कोरडा होता, आणि त्याच्या शेजारी टेफ्लॉन टेपची अर्धी गुंडाळी ठेवली होती.